परीक्षेचा गाभारा आणि खुलभर दूध

विद्यापीठांच्या पंचांगांत ऋतु दोनच: एक दिवाळीच्या आगेंमागें येणारा, व दुसरा चैत्र-वैशाखाच्या उन्हांत येणारा. या दोन्ही ऋतूंत महाविद्यालयांच्या आवारांत जी धांदल उडते तिला 'सत्रान्त' असें भारदस्त नांव आहे. प्रकल्पांच्या वह्या, प्रात्यक्षिकांच्या नोंदी, अंतर्गत मूल्यमापनाच्या चाचण्या, तोंडी परीक्षा, आणि या सर्वांवर कळस म्हणून लेखी परीक्षा, अशी ती एकावर एक चढत जाणारी रास असते. अशा वेळीं एखाद्या मुलाच्या वा मुलीच्या हातांत नेमलेल्या पुस्तकाऐवजीं कहाण्यांचें, जातकांचें किंवा महाभारतांतील उपाख्यानांचें पुस्तक दिसलें, कीं घरांतील वडीलधारीं माणसें, वसतिगृहांचे व्यवस्थापक व आमचे कित्येक व्यवसायबंधु एकाच स्वरांत विचारतात, "हें काय परीक्षेला आहे?" या प्रश्नाचें उत्तर विद्यार्थी आजवर खालीं मान घालून देत आले. आमच्या मतें तें मान वर करून देण्याची वेळ आली आहे. आणि ऐन सत्रान्तीं विद्यार्थ्यांस वाद घालण्याची सवड नसल्यामुळें त्यांच्या वतीनें तें काम आम्ही पत्करीत आहों.

वाद घालावयाचा तर प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं नीट मांडावें, हा आपल्याकडील जुना शिरस्ता आहे. या प्रश्नांत प्रतिपक्ष एक नसून तीन आहेत. पहिला व्यवहारवाद्यांचा. त्यांचें म्हणणें असें कीं, गोष्टी वाईट नाहींत, पण प्रत्येक कामाला वेळ असते. आधीं परीक्षा उरकावी, मग सुटींत खुशाल पुराणें वाचावीं. दुसरा पक्ष स्वतःस बुद्धिवादी म्हणविणाऱ्यांचा. त्यांच्या मतें या साऱ्या भाकडकथा असून विज्ञानयुगांतील तरुणानें त्यांत मन घालणें म्हणजे पणजीच्या पेटींतील जीर्ण लुगडीं नेसून मिरविण्यासारखें आहे. तिसरा पक्ष सर्वांत नवा व सर्वांत प्रेमळ. आणि म्हणूनच आम्हांस त्याचें भय सर्वांत अधिक वाटतें. हा पक्ष म्हणतो, 'तुम्हांस गोष्टींची एवढी आवड आहे ना? मग आम्ही त्या अभ्यासक्रमांतच घालतों; घटक तिसरा, गुण पंधरा.' या तिघांस अनुक्रमें उत्तर देण्याचा आमचा विचार आहे.

त्यापूर्वीं आम्ही कोणाची बाजू घेत आहों तें सांगितलें पाहिजे. आमच्या परिचयाची एक विद्यार्थिनी वाणिज्यशाखेच्या दुसऱ्या वर्षांत आहे. तालुक्याच्या गांवाहून शहरांत आलेली, चौघींच्या खोलींत राहणारी. सकाळीं तासिका, दुपारीं एका दुकानांत हिशेब लिहिण्याचें अर्धवेळ काम, संध्याकाळीं कॉस्टिंगचीं उदाहरणें, असा तिचा दिवस. रात्रीं झोंपण्यापूर्वीं ती श्रावणांतल्या कहाण्यांच्या पुस्तकांतील एक कहाणी वाची. तिच्या आजीनें लहानपणीं सांगितलेल्या कहाण्यांपैकीं कित्येकींचे शेवट ती विसरून गेली होती. आजी आतां नाहीं. ते शेवट तिला हवे होते. परीक्षेपूर्वीं पंधरा दिवस, 'देणें नाहीं' असा दाखला देण्याच्या नियमान्वयें, महाविद्यालयाच्या ग्रंथालयानें तें पुस्तक परत मागवून घेतलें. ही मुलगी पुढें पहिली आली, असें सांगून आपला पक्ष बळकट करण्याचा मोह आम्हांस नाहीं. ती मध्यम गुणांनीं उत्तीर्ण झाली, जशी ती कहाण्या न वाचतांहि झाली असती. आमचा मुद्दा निराळा आहे. त्या पंधरा दिवसांत तिचा मोबाइल कोणीं मागवून घेतला नाहीं. गोष्टींचें पुस्तक तेवढें मागवून घेतलें.

आतां व्यवहारवाद्यांचें 'मग' पाहूं. हें 'मग' कोठें आहे तें त्यांनीं दाखवून द्यावें. वार्षिक परीक्षेच्या काळीं तें होतें. जूनमध्यें महाविद्यालय उघडे, मार्च-एप्रिलांत परीक्षा होई, आणि मधल्या महिन्यांत आळसाला, भटकंतीला, वादविवादाला व ग्रंथालयाच्या मागल्या कपाटांतील धूळ झटकण्याला भरपूर जागा असे. त्या पद्धतीचे दोष आम्हांस ठाऊक आहेत. वर्षभराची विद्या तीन तासांत ओकावयास लावणारी ती रीति आम्ही आदर्श मानीत नाहीं. परंतु तिच्या जागीं आलेल्या सत्रपद्धतीनें वर्षाचे दोन तुकडे केले, व प्रत्येक तुकड्याला स्वतःच्या चाचण्या व स्वतःचा अंत दिला. हिशेब सोपा आहे. एक श्रेयांक, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेला 'क्रेडिट', हा व्याख्यानाच्या १५ तासांचा धरतात. महाराष्ट्रांतील नव्या आराखड्याप्रमाणें विद्यार्थ्यानें असे २२ श्रेयांक एका सत्रांत, ४४ वर्षांत, व १३२ तीन वर्षांच्या पदवीसाठीं मिळवावयाचे असतात. म्हणजे सत्रास ३३० तास वर्गांत बसणें आलें. आणि प्रात्यक्षिकाच्या श्रेयांकाला तर ३० तास लागतात. हें सारें पंधराएक आठवड्यांत. त्यावर घरीं करावयाचे स्वाध्याय, एस्. टी.नें येणें-जाणें, आणि पोटासाठीं करावयाचें काम निराळें. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोंच दुसरें सत्र दारांत उभें. उन्हाळ्याची सुटी म्हणावी, तर तिच्यावर उमेदवारीचा, म्हणजे 'इंटर्नशिप'चा, हक्क आधींच लागलेला. 'परीक्षा झाल्यावर वाच' हा उपदेश म्हणूनच 'वाचूं नको' या आज्ञेचें सभ्य रूप आहे. ज्याला वाचावयाचें आहे त्यानें परीक्षेच्या पोटांतच जागा काढली पाहिजे. दुसरी जागा आम्हीं शिल्लक ठेविलेली नाहीं.

बरें, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम ही कल्पना तरी साहेबाघरची आहे काय? 'सेमिस्टर' हा शब्द लॅटिनमधील 'सहा' व 'महिना' या दोन शब्दांपासून झाला, हें खरें. परंतु सहा महिन्यांच्या सत्राची एक फार जुनी हकीकत आपल्या घरींच आहे. महिलारोप्याच्या अमरशक्ति राजाला बहुशक्ति, उग्रशक्ति व अनंतशक्ति असे तीन पुत्र होते, आणि तिघांचाहि विद्येशीं उभा दावा होता. दरबारांत सांगण्यांत आलें कीं, नुसत्या व्याकरणालाच बारा वर्षें लागतात. त्यापुढें धर्मशास्त्र, अर्थशास्त्र इत्यादि. तेव्हां ऐंशीं वर्षांच्या विष्णुशर्म्यानें प्रतिज्ञा केली कीं, या मुलांस सहा महिन्यांत नीतिशास्त्रांत पारंगत करून दाखवितों. आणि त्याबद्दल देऊं केलेलें इनाम त्यानें नाकारलें. या षण्मासिक सत्राचा अभ्यासक्रम कोणता होता? सिंह व बैल, कावळे व घुबडें, माकड व मगर, ब्राह्मणी व मुंगूस! हा प्रसंग घडला कीं नाहीं हा प्रश्न येथें गौण आहे. तो ग्रंथ मात्र सहाव्या शतकांत पहलवींत गेला, आठव्या शतकांत इब्न अल्-मुकफ्फानें त्याचें 'कलीला व दिम्ना' या नांवानें अरबी रूपांतर केलें, आणि पुढें कित्येक देशांच्या राजांनीं व वजिरांनीं तो राज्यकारभाराचें पुस्तक म्हणून वाचिला. त्याच्या पांचव्या तंत्राचें नांवच 'अपरीक्षितकारक' असें आहे: परीक्षा न करतां कृति करणारा. रक्तानें माखलेलें तोंड पाहून, पाळण्याकडे न पाहतां, इमानी मुंगसाला ठार करणारी ती ब्राह्मणी आठवावी. आमचा पदवीधर सहा सत्रांत डझनावारी परीक्षा देतो; आणि मोबाइलवर आलेला वाटेल तो मजकूर न पडताळतां चार ठिकाणीं धाडून देतो. परीक्षित झालेला हा अपरीक्षितकारक आम्हीच घडविला आहे. विष्णुशर्म्याची मुदत आम्हीं उचलली. त्या मुदतींत काय सांगावें, हें त्याला विचारावयाचें राहून गेलें.

यावर कोणी म्हणेल कीं, पंचतंत्राची गोष्ट वेगळी. तो नीतिग्रंथ आहे. श्रावणांतल्या कहाण्यांत व्रतांच्या फळांपलीकडे काय ठेविलें आहे? आमचें उत्तर असें कीं, आजच्या विद्यापीठावर लिहिलेली सर्वांत तिखट टीका आम्हांस एका कहाणींतच सांपडली. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत ठाऊक आहे. राजाच्या मनांत आलें कीं, महादेवाचा गाभारा दुधानें भरावा. प्रधानानें युक्ति सांगितली, दवंडी पिटली: घरांतलें सगळें दूध देवळांत आणा. धाक असा बसला कीं, कोणीं वासरांना पाजलें नाहीं, कोणीं मुलांच्या तोंडीं घातलें नाहीं. गांवचें दूध गाभाऱ्यांत पडलें. गाभारा भरला नाहीं. दुपारीं एक म्हातारी आली. तिनें घरचें काम उरकलें होतें, लेंकरांना जेवूं घातलें होतें, लेंकीसुनांना सुखी केलें होतें, गाईवासरांना चारा-पाणी दिलें होतें, आणि मग उरलेलें खुलभर दूध घेऊन ती निघाली होती. तिनें तें वाहिलें, आणि तिची पाठ फिरतांच गाभारा भरून आला. पुढें तिसऱ्या सोमवारीं राजानें तिला धरलें, तेव्हां तिनें अभय मागून घेऊन कारण सांगितलें: तुझ्या आज्ञेनें वासरांचे व मुलांचे तळतळाट झाले, असलें दूध देवाला आवडत नाहीं.

आमच्या वाचकांनीं आतां दवंडीचा आवाज ओळखावा. 'विद्यार्थ्याचा सगळा वेळ, सगळी स्मरणशक्ति, सगळी उत्सुकता गाभाऱ्यांत आणा!' विद्यापीठाचा प्रधान ही दवंडी वर्षांतून दोनदां पिटतो. तरुण मनांत जीं कोंवळीं वासरें असतात, म्हणजे उगाच पडणारे प्रश्न, उगाच वाटणारें नवल, आजीच्या गोष्टीचा शेवट शोधण्याची ओढ, तीं सारीं या आज्ञेपायीं उपाशी राहतात. आणि गाभारा? तो भरला आहे असें कोणी छातीवर हात ठेवून म्हणत असेल तर त्यानें परीक्षेनंतर महिन्याभरानें त्याच विद्यार्थ्यास तोच प्रश्न विचारून पाहावा. ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, म्हातारीनें देवाला दूध नाकारलें नाहीं. तिनें क्रम बदलला. आधीं घर, मग गाभारा. अभ्यासाच्या राशींतून रोज एक कहाणी वाचणारी ती मुलगी अभ्यास चुकवीत नव्हती; ती घरचें वासरूं पाजीत होती.

अशा वाचनानें अभ्यासाचें नुकसान होतें, असें भय ज्यांना वाटतें त्यांच्यासाठीं परदेशांतील दोन विद्यार्थ्यांची माहिती देतों; कारण परदेशांतील दाखल्यांवर आमच्या विद्वानांचा विश्वास अधिक बसतो. याकोब व विल्हेल्म ग्रिम हे बंधु मारबुर्गच्या विद्यापीठांत कायदा शिकावयास गेले. त्यांचे अध्यापक साविनी हे रोमन कायद्याचे गाढे पंडित. त्यांच्याच ग्रंथसंग्रहांत याकोबच्या हातीं जुन्या जर्मन कविता लागल्या, आणि त्याचें चित्त त्या वाटेनें गेलें. १८१२ सालीं या बंधूंनीं घरगुती गोष्टींचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हां थोरला २७ वर्षांचा व धाकटा २६ वर्षांचा होता. साविनींनीं आपला ग्रंथसंग्रह सत्रान्तीं कुलुपबंद केला असता, तर जर्मनीला आणखी दोन वकील मिळाले असते. दुसरा दाखला फिनलंडचा. एलियास ल्योनरोत हा तुर्कू येथील विद्यापीठाचा विद्यार्थी. सप्टेंबर १८२७ मध्यें तुर्कू शहराला मोठी आग लागली, त्यांत विद्यापीठाचा घास गेला, व अभ्यास बंद पडला. पुढल्या उन्हाळ्यांत हा तरुण पायीं निघाला व खेडोपाडीं जुनीं गाणीं व कथागीतें टिपून घेऊं लागला. त्या कामांतून १८३५ सालीं 'कालेवाला' हें महाकाव्य सिद्ध झालें. ल्योनरोतनें वैद्यकहि पुरें केलें व कित्येक वर्षें जिल्ह्याचा डॉक्टर म्हणून रोगी तपासले. म्हणजे गोष्टींनीं त्याचें वैद्यक बुडविलें नाहीं. मात्र त्याला गोष्टींसाठीं वेळ मिळण्यास विद्यापीठ जळावें लागलें. आमच्या विद्यार्थ्यांस तो वेळ याहून सौम्य उपायानें मिळावा, एवढीच आमची इच्छा आहे.

आतां बुद्धिवाद्यांकडे वळूं. भाकडकथा म्हणून हिणविणाऱ्यांनीं दामोदर धर्मानंद कोसंबींचें स्मरण करावें. हे गणिती, फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकवीत, आणि पुढें टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत गणिताचेच प्राध्यापक. त्यांच्या बुद्धिनिष्ठेविषयीं शंका घेण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. तेच कोसंबी पुण्याभोंवतालच्या टेकड्यांवर व खेड्यांत पायीं हिंडून शेंदूर फांसलेले तांदळे, म्हसोबा, मातृदेवतांचीं ठाणीं यांची विचारपूस करीत, आणि पुराणकथांचा छडा लावीत. त्यांचें 'मिथ अँड रिॲलिटी' हें पुस्तक १९६२ सालचें. त्याच वर्षीं दुर्गाबाई भागवतांचें 'व्यासपर्व' निघालें, आणि १९६७ सालीं इरावतीबाई कर्व्यांचें 'युगान्त'. या तिघांनींहि जुन्या कथांपुढें डोळे मिटून हात जोडले नाहींत, आणि त्यांना झाडून उकिरड्यावरहि टाकलें नाहीं. कथा खरी कीं खोटी, एवढाच प्रश्न विचारून थांबणारी बुद्धि फार लवकर दमते. ती कोणीं सांगितली, कोणासाठीं सांगितली, तिच्यांत कोणाचें दुःख लपलें आहे, हे प्रश्न विचारूं लागणारी बुद्धि खरी बुद्धि.

किंबहुना आजच्या काळीं पुराणकथा न वाचणें हेंच बुद्धीला अधिक घातक आहे. तरुणांनीं त्या वाचल्या नाहींत म्हणून त्या नाहींशा होत नाहींत. त्या पडद्यावरून येतात, मोबाइलवरून येतात, व्यासपीठावरून येतात. आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्याच सोईच्या रूपानें येतात. १९८७-८८ सालीं दूरचित्रवाणीवर रामायण दाखविलें गेलें, तेव्हांपासून कित्येक घरांत रामकथा म्हणजे तीच, असें समीकरण झालें. ज्यानें दशरथजातक वाचलें आहे, त्याला ठाऊक असतें कीं, तेथें सीता ही रामाची बहीण आहे. ज्यानें जात्यावरच्या ओव्या ऐकल्या आहेत, त्याला ठाऊक असतें कीं, आमच्या खेड्यांतील बायांनीं सीतेच्या वनवासाबद्दल प्रत्यक्ष रामाला बोल लाविला आहे, आणि तरी त्या रामाचें नांव घेत दळीत राहिल्या. अ. के. रामानुजन यांचा अनेक रामायणांवरील निबंध २०११ सालीं दिल्ली विद्यापीठानें अभ्यासक्रमांतून काढून टाकला. ज्यांनीं एकच कथा ऐकली त्यांना दुसरी ऐकतांच संताप येतो. ज्यांनीं दहा ऐकल्या त्यांना अकरावीची उत्कंठा लागते. समाजांत संतापणारे अधिक असावेत कीं उत्कंठेनें ऐकणारे, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. आणि त्याचा निकाल अठरा ते बावीस या वयांत काय वाचलें यावर पुष्कळसा लागतो. बुद्धिवाद्यांनीं पुराणकथांचें दार तरुणांसाठीं बंद केलें, आणि मागल्या दारानें भलतेच लोक त्यांचे मालक होऊन बसले.

राहिला तिसरा, प्रेमळ पक्ष. लोकसाहित्य अभ्यासक्रमांत आहेच, असें तो अभिमानानें सांगतो. आणि २०२३ सालच्या शासकीय आराखड्यांत 'भारतीय ज्ञानप्रणाली' या विषयाला दोन श्रेयांक दिले आहेत, याकडेहि बोट दाखवितो. हेतु चांगला असेल. परिणाम काय होतो तो पाहावा. विद्यार्थी लोककथेची व्याख्या पाठ करतो. तिचीं वैशिष्ट्यें पाठ करतो. व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकानें १९२८ सालीं अद्भुतकथांतील ३१ कार्यें दाखवून दिलीं. तीं ३१ कार्येंहि गाइडावरून पाठ करतो. मात्र त्याला एक तरी कथा आरंभापासून शेवटापर्यंत सांगावयास लावा. तो म्हणेल, 'ती अभ्यासक्रमांत नव्हती.' पाकशास्त्राचे निर्बंध मुखोद्गत, आणि भाताचें शीत कधीं जिभेवर नाहीं, असला हा प्रकार आहे. प्रॉपशीं आमचें भांडण नाहीं. त्यानें आधीं कथा वाचल्या आणि मग कार्यें मोजलीं. आम्ही कार्यें मोजून घेतों आणि कथा वाचावयाच्या राहून जातात.

ज्यांना गोष्टी सांगून शिकवावयाचें होतें त्यांनीं त्यांवर गुण ठेविले नाहींत. चक्रधरस्वामींनीं तेराव्या शतकांत शिष्यांस गोष्टी सांगितल्या. त्यांच्या ११४ दृष्टांतांचा 'दृष्टांतपाठ' केशिराजबासांनीं सिद्ध केला, आणि हत्ती चांचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यामुळें आजहि टवटवीत आहे. शेणाचें घर आणि मेणाचें घर ही पाळण्यांतल्या मुलांची गोष्टहि 'लीळाचरित्रां'त आहे. म्हणजे ती मराठी गद्याच्या आरंभापासून आपल्याबरोबर चालत आली आहे. परीक्षेसाठीं ती कोणीं पाठ केली असती, तर पहिल्या सत्रान्तींच ती विसरली गेली असती. कचाची कथा या ठिकाणीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. संजीवनी विद्येसाठीं तो शुक्राचार्यांकडे गेला, मारला गेला, जाळला गेला, मद्यांतून गुरूच्या पोटांत गेला, आणि तेथें त्याला विद्या मिळाली. परंतु निघते वेळीं देवयानीनें शाप दिला कीं, ही विद्या तुला फळणार नाहीं. प्रेमाला नकार देऊन केवळ काम साधून परतणाऱ्याच्या कपाळीं हा शाप असतोच. गुणांपुरती कथा वाचणारा विद्यार्थी असाच परत जातो: विद्या पदरांत, आणि फळ नाहीं. गोष्टींना गुण लावून आम्ही त्यांचा सन्मान करीत नाहीं; त्यांचें निष्फळ होणें निश्चित करतों.

इतकें लिहिल्यावर विद्यार्थ्यांसहि दोन शब्द सुनावले पाहिजेत; नाहीं तर आमचा लेख काखोटीस मारून कोणी वर्ग चुकवावयास निघेल. म्हातारी देवळांत गेली ती घरचें काम उरकून गेली, हें विसरूं नये. प्रकल्प दुसऱ्याचा उतरून काढावयाचा, स्वाध्याय शेवटच्या रात्रीं करावयाचा, आणि मग 'आम्ही पुराणें वाचीत होतों' म्हणावयाचें, हा बहाणा आम्हांस मान्य नाहीं. एक कहाणी वाचावयास अर्धा तासहि लागत नाहीं. मोबाइलवर अंगठा वर-खालीं करण्यांत याच्या कित्येक पट वेळ जातो, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांतलें कांहींहि आठवत नाहीं. म्हणून आमची सूचना साधी आहे. दिवसाचा अभ्यास संपला कीं एकच कथा वाचावी, ती पुरी वाचावी, आणि तीवर टांचणें काढूं नयेत. दुसऱ्या दिवशीं मेसमध्यें जेवतांना ती कोणाला तरी सांगावी. आणि आजी हयात असेल तर पुस्तकाआधीं तिला विचारावें. पुस्तक पुढल्या सत्रांतहि कपाटांत असतें.

शेवटीं ज्यांच्या हातांत अधिकार आहेत त्यांच्याकडे आमच्या तीन मागण्या आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाहीं. सत्रान्तीं ग्रंथालयांनीं अवांतर पुस्तकें परत मागविण्याची प्रथा बंद करावी. दाखल्याची अडचण असेल तर पदवीच्या शेवटच्या सत्रापुरता तो नियम ठेवावा. प्रत्येक महाविद्यालयानें आठवड्यांतून एक तास असा राखावा, कीं ज्याला हजेरी नाहीं, श्रेयांक नाहीं, अहवाल नाहीं. अध्यापकानें किंवा विद्यार्थ्यानें एक गोष्ट सांगावी, बाकीच्यांनीं ऐकावी, आणि कोणास वाटलें तर वाद करावा. तिसरी मागणी आमच्या व्यवसायबंधूंकडे आहे. लोकसाहित्य शिकवितांना व्याख्येपूर्वीं कथा सांगावी. ज्याला एकहि कथा सांगतां येत नाहीं, त्यानें तिचीं वैशिष्ट्यें फळ्यावर लिहूं नयेत. हा तास रिकामा गेला, अशी तक्रार होईल. ती होऊं द्यावी. गांवचें सगळें दूध ओतूनहि जो गाभारा भरत नाहीं, त्याच्यासाठीं आणखी एका तासाची दवंडी पिटण्यापेक्षां वासरांना एक वेळ पाजून पाहणें हें अधिक शहाणपणाचें आहे.